सावली सरकली

रात्री माफिया मला निरोप पाठवतात, आज हिला. डॉक्टर कळवतो, आज अमक्याला वाचवतोय. डिटेक्टिव्ह एका नावाची चौकशी मागतो. हे सगळं वहीत नीट क्रमाने लावलं की खून झालेला असतो. एका नावावर काट मारायची आणि सकाळी एक ओळ टाकायची: अमुक मेली, ती साधी नागरिक होती. खेळ पुढे चालायला एवढं पुरतं. पण एवढ्यासाठी कुणी सूत्रधार होत नाही. मग मी दिवा लावून खून लिहायला बसते.

माफिया हा आपल्यातले लपलेले खुनी ओळखायचा खेळ. तो ऑनलाइन, लिहून खेळतात तेव्हा सूत्रधाराच्या या लिखाणाला फ्लेवर म्हणतात. नावातच कबुली आहे की हे पोटभरीचं नव्हे. गाव कसलं, हवा कशी, दार कसं करकरलं, प्रेत आधी कुणी पाहिलं, असं चार-पाचशे शब्दांत सगळं येतं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत निकाल. मी जीव ओतते तो वरच्या भागात. लोक वाचतात तो खालचा. हे मी रागाने म्हणत नाही, घड्याळ लावून म्हणते: अपडेट टाकल्यावर अर्ध्या मिनिटात पहिलं मत पडलेलं असतं. माझं करकरणारं दार अर्ध्या मिनिटात उघडतसुद्धा नाही.

आणि जे वाचतात, ते असं वाचतात की न वाचणारे बरे.

हा खेळ 1986 मध्ये दिमित्री दाविदोव्हने काढला. तो मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होता. कल्पना अगदी साधी. थोड्यांना सगळं ठाऊक, पुष्कळांना काहीच नाही. ठाऊक असलेले रात्री एकाला मारतात. नसलेले दिवसा मतं टाकून एकाला बाहेर काढतात, आणि पुष्कळदा आपल्यातल्याच एकाला काढतात. पुढे 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियांच्या जागी नरलांडगे, म्हणजे रात्री लांडगा होणारी माणसं, आणले, शहराचं खेडं झालं, पण खेळ तोच राहिला. समोरासमोर गोल करून बसलं की सूत्रधार म्हणतो, शहर झोपलं, आणि सगळे डोळे मिटतात. तो सांगतो ती कथा हवेत विरून जाते. लोकांचे कान असतात ते भलत्याच ठिकाणी, कुणाची खुर्ची वाजली, कुणाची बाही सळसळली, उजवीकडे की डावीकडे.

लिहून खेळताना खुर्ची नाही, बाही नाही, चेहरा नाही. उरतात ते शब्द, आणि ते विरत नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्या रात्रीचं वाक्य उघडून त्याच्यासमोर ठाण मांडता येतं. त्यातून गोम अशी की तिथे लिहिणाऱ्या प्रत्येकावर खोटेपणाचा वहीम असतो. डॉक्टर म्हणवणारा डॉक्टर असेलच असं नाही, रडणारी दुःखी असेलच असं नाही. ज्याला खोटं बोलायची मुभा नाही असं एकच माणूस तिथे असतं, ते म्हणजे मी. मग तहानलेले लोक त्याच विहिरीत पोहरा सोडणार, विहीर कोरडी आहे अशी पाटी मीच लावलेली असली तरी.

पाटी मी खरोखर लावते. नियमांत पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की कथेत कोणताही सुगावा नाही. त्यावर एका खेळाडूने मागे शांतपणे विचारलं होतं, ‘कथेत नाही, म्हणजे कशात आहे?’

मराठीत खून लिहिणं किती अडचणीचं आहे हे लिहून पाहिल्याखेरीज कळायचं नाही. खुनी आत ‘आला’ म्हटलं की गावातल्या सगळ्या बायका सुटल्या. ‘आली’ म्हटलं की पुरुष सुटले. ‘आले’ म्हणावं तर आणखी घोळ: बरेच जण आले, की एकच आला आणि तो मानाचा आहे? आपल्या भाषेला माणसाचा आदर केल्याशिवाय राहवत नाही आणि तो करताना ती माणसं मोजायची विसरते. एरवी मला ही सवय आवडते, पण माफिया दोन उरलेत की तीन यावर सगळा डाव असताना ‘ते जिन्यावरून उतरले’ हे वाक्य म्हणजे सुरुंग आहे.

म्हणून मी कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला गेले. कुणीतरी दार ढकललं. कुणीतरी चाकू उचलला. कुणीतरी मेणबत्ती विझवली. दार नपुंसकलिंगी, चाकू पुल्लिंगी, मेणबत्ती स्त्रीलिंगी. क्रियापद बिचारं त्यांच्या मागे फिरतं आणि माणूस नामानिराळा राहतो. शाळेत हा प्रयोग ओळखायला लावत तेव्हा त्याचा खुनासाठी एवढा उपयोग असेल असं कुणी बोललं नव्हतं. बोललं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं.

पण नुसतं ढकलून, उचलून, विझवून भागत नाही. खुन्याला कधीतरी यावं लागतं, थांबावं लागतं, वळावं लागतं, आणि ही सगळी अकर्मक कामं आहेत. एका रात्री मी सुटका म्हणून लिहिलं, ‘भिंतीवरून एक सावली सरकली.’ मला वाक्य आवडलं होतं. सावलीला कुठे आलाय चेहरा?

सकाळी पहिला संदेश एका शब्दाचा होता: ‘सरकली.’ त्याखाली दुसरा: ‘मलाही तेच खटकलं.’ मग गावात उरलेल्या तीन बायकांची नावं एकाखाली एक आली. एका भल्या माणसाने समजावून पाहिलं की सावली हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, हत्तीची असली तरी ती सरकलीच असती. त्यावर जे उत्तर आलं ते मला अजून पाठ आहे: ‘मान्य. मग तिने अंधार का नाही सरकवला?’

या प्रश्नाला उत्तर नाही. अंधार सरकवता आला असता. काळोख दाटला असता, पडदा हलला असता, पुल्लिंगी गोष्टींनी जग भरलेलं आहे. मी सावली निवडली हे खरंच आहे, आणि का निवडली ते मला सांगता येत नव्हतं. एक तर सूत्रधाराने वादात पडायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. बारा जण जिवंत होते, सात मतं लागत होती. सातही पडली. बाहेर गेलेली बाई साधी नागरिक होती आणि जाताना तिने एवढंच लिहिलं की पुढच्या वेळी कृपा करून घुबड वापरा.

साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, फक्त इथे भुई म्हणजे मी लिहिलेलं गद्य. 2008 मध्ये तीन गणितज्ञांनी या खेळावर एक शोधनिबंध लिहिला. डिटेक्टिव्ह नसेल तर माफिया एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असले तरी डाव तुल्यबळ होतो, म्हणजे जमाव वाढतो त्या मानाने माफिया फारच थोडे पुरतात, असं त्यात सिद्ध केलंय. मला त्यातलं सगळं गणित झेपलं नाही. पण त्या गणितात भिंत नाही, सावली नाही, सूत्रधाराची हौस नाही, एवढं मात्र दिसलं, आणि थोडं बरंही वाटलं. थोडंच.

खरा घोटाळा मी एकदाच केला. एका रात्री कुणीच मेलं नाही. असं तीन कारणांनी होतं: डॉक्टरने नेमकं त्याच माणसाला वाचवलं, किंवा कुणीतरी माफियाला रात्रीपुरतं अडवून ठेवलं, किंवा माफियांनीच मुद्दाम कुणाला हात लावला नाही. यांतलं कोणतं झालं यावर पुढचे दोन दिवस लोकांनी डोकं खाजवायचं असतं. मी लिहून गेले, ‘त्या रात्री कुणाचंच दार वाजलं नाही.’ प्रत्यक्षात दार वाजलं होतं, डॉक्टर आधीच आत बसलेला होता. म्हणजे मी, खोटं न बोलणारी एकमेव व्यक्ती, सरळ खोटं बोलले होते, तेही वाक्याला लय यावी म्हणून. डॉक्टर पुढे खरं सांगायला उभा राहिला तेव्हा लोकांनी त्याच्यापुढे माझं वाक्य धरलं. तो गेला. त्याने मला काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं.

तेव्हापासून अशा रात्रीसाठी मी एक वाक्य ठेवलंय. ते तिन्ही शक्यतांत खरं ठरतं आणि त्यात कुणाचं लिंग, वचन, पत्ता काही नाही: ‘सकाळी सगळे उठले.’ माझ्या मते मी लिहिलेलं हे सगळ्यात निर्दोष वाक्य आहे. त्यावर गावाने सगळा दिवस चर्चा केली. ‘सगळे’ म्हणजे माफियासुद्धा झोपलेले होते का?

मजकुरात काही मिळेनासं झालं की लोक मजकुराच्या कडा वाचतात. अपडेट उशिरा आलं, म्हणजे रात्र गुंतागुंतीची असणार. (मी भांडी घासत होते.) लवकर आलं, म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं, म्हणजे मरणारा ठरलेलाच होता. एकाने प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर घेऊन शब्द जुळवायचा प्रयत्न केला आणि त्यातून ‘तगआभ’ निघाल्यावर हार न मानता तो उलटीकडून वाचला. सुरुवातीला प्रत्येकाला त्याची भूमिका सांगणारा निरोप जातो, त्याच्यावरही अशीच नजर असते. साध्या नागरिकाच्या निरोपाचा नमुना सूत्रधार उघडपणे सगळ्यांना दाखवून ठेवतो तो याचसाठी. नाहीतर एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी खोटं सोंग घेतलेला माफिया उघडा पडेल, आणि तो पडावा तर स्वतःच्या बोलण्याने, माझ्या विरामचिन्हांनी नव्हे.

माफिया कसे वाचतात हा आणखी निराळा मामला. ते सगळ्यात आधी वाचतात आणि सगळं वाचतात, पण त्यांचं वाचन घाबऱ्या माणसाचं असतं: आपलं काही सांडलं तर नाही ना. ते नाही असं दिसलं की मग मानापमान सुरू होतात. एका माफियाने मला खाजगीत तक्रार केली होती की त्याच्या खुनात मी त्याला दोनदा अडखळवलं, आणि तो असा अडखळणारा माणूस नाही. मी पुढच्या खुनात त्याला मांजरासारखं चालवलं. मांजर नपुंसकलिंगी आहे, हा फायदा वेगळाच.

राहिले मेलेले. त्यांना खेळात काही मिळवायचं नसतं. मत नाही, बोलायची परवानगी नाही, कुणावर संशय घेऊन उपयोग नाही. ते नुसते बघत बसतात. आणि मला हळूहळू लक्षात आलं की गोष्ट गोष्टीसारखी वाचणारे तेवढेच आहेत. एरवी ज्यांनी माझ्या पाचशे शब्दांकडे ढुंकून पाहिलं नाही, ते स्वतः मेले की वर जाऊन आपलं मरण दोनदा वाचतात, आणि मग मागची सगळी मरणंही वाचून काढतात. ‘माझ्या वेळी पाऊस घातलात, धन्यवाद,’ असा निरोप मला एका मृताकडून आलेला आहे.

एका डावात पहिल्याच रात्री एक नवखा गेला. आयुष्यातला पहिला डाव, नमस्कार म्हणून आत आला आणि सकाळी थंड पडलेला. मला वाईट वाटलं म्हणून मी त्याला चांगले चार परिच्छेद दिले. दुपारी त्याचा निरोप आला, फार संकोचून लिहिलेला. ‘दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही म्हणता की भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद आहे. चौथ्यात त्याचे तीन टोले पडतात. हे मुद्दाम आहे का? मला नियम नीट माहीत नाहीत.’

मुद्दाम नव्हतं. मी विसरले होते. बारा जिवंत माणसांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं, त्यात अक्षरं उलटी लावणाराही होता. आणि आता दुरुस्तही करता येत नव्हतं, कारण सूत्रधाराने टाकलेला मजकूर बदलला की गावात आग लागते. मी नवख्याला लिहिलं की नाही, चूक आहे, आणि तुम्ही एकटेच नीट वाचणारे निघालात. त्याने एक हसरा चेहरा पाठवला.

चौथ्या दिवशी गाव सगळीकडून अडलं होतं. तेव्हा कुणीतरी पहिल्या रात्रीपासून सगळं पुन्हा वाचायला घेतलं आणि घड्याळ सापडलं. मग काय विचारता. बंद घड्याळ म्हणजे गप्प माणूस, हे ठरायला दहा मिनिटं लागली. दोन दिवसांत एक अक्षर न बोललेला खेळाडू गावात एकच होता. टोले तीन, माफियाही तीन, म्हणजे हा तिसरा. मी पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसले होते. मतं भराभर पडली, तो गेला, आणि नियमाप्रमाणे मला त्याची भूमिका ठळक अक्षरांत जाहीर करावी लागली. तो माफिया होता.

दोन दिवसांनी गावाने डाव जिंकला. संपल्यावर सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं: घड्याळाचा सुगावा काय बेमालूम पेरला होता, पहिल्याच रात्री, इतक्या उघडपणे. नियमांतली ती पाटी आता कुणी मानणार नव्हतं. नवखाही तिथेच होता, आता त्याला बोलायची परवानगी होती. तो काहीच बोलला नाही, त्याने परत तोच हसरा चेहरा टाकला. मीही नाही म्हटलं नाही.