आमची वाटचाल : बोटांचं माप

सिंहगड रस्त्यावरचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेऊन आम्ही दोघा मित्रांनी नऊ वर्षांपूर्वी क्लाइंबिंग वॉल, म्हणजे चढाईच्या सरावाची कृत्रिम भिंत, उभी केली. दोघंही तेलबैला, नागफणीचे कडे चढत वाढलेलो. पावसाळ्याचे चार महिने कातळ निसरडा, मग सराव करायचा कुठे? एवढ्या एका प्रश्नातून धंदा सुरू झाला. घरचे दागिने गहाण ठेवून प्लायवूड, होल्ड (भिंतीवर बसवायच्या पकडी) आणि जाड गाद्या आल्या.

सुरुवातीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाची उंची, वजन, हातांची लांबी आम्ही घ्यायचो. पुलअप किती, धावतो कसा, सगळं वहीत नीट उतरवायचो. पण वहीचा आणि भिंतीचा मेळ बसेना. पंधरा पुलअप मारणारा मुलगा सोप्या रूटवर, म्हणजे होल्डच्या ठरलेल्या वाटेवर, तिसऱ्या होल्डला सुटायचा, आणि चार पुलअपही धड न होणाऱ्या, आमच्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेली भिंत, शांतपणे पार करायच्या. त्यांची बोटं बारीकशा कडेवर चिकटून राहायची. आम्ही बोटं मोजतच नव्हतो.

मग वाचायला लागलो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 44 क्लाइंबर तपासले होते. त्यांच्या कामगिरीतल्या फरकाचा सुमारे 59 टक्के भाग सरावानं कमावता येणाऱ्या गोष्टींतून उलगडत होता. उंची, हातांची लांबी यांसारख्या शारीरिक ठेवणीतून अर्धा टक्काही नाही. ‘उंची कमी पडेल’ असं सांगून परत पाठवलेली दोन मुलं मला त्या रात्री आठवत राहिली.

आता आमची मुख्य चाचणी एका लाकडी पट्टीवर होते. पट्टीची खोली 20 मिलिमीटर. आधी अर्धा तास वॉर्मअप, मग चॉक (घाम टिपणारी पांढरी पूड) लावून दोन्ही हातांच्या बोटांनी सात सेकंद लटकायचं. जमलं की हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, वजन अडकवायचं, तीन मिनिटं विश्रांती घेऊन पुन्हा. 60 किलोच्या माणसानं वर 18 किलो पेललं तर 78 भागिले 60, म्हणजे त्याचा आकडा 1.3. ज्यांना स्वतःचंच वजन पेलत नाही त्यांचा भार कप्पीनं कमी करतो, म्हणजे नवख्यांचाही आकडा मिळतो. दमाची चाचणी वेगळी : कमाल ताकदीच्या 60 टक्के भार, सात सेकंद लटकणं, तीन सेकंद सोडणं, हात पूर्ण भरून येईपर्यंत. लांब रूटवर वरच्या टप्प्यात कोण तग धरेल, ते इथे बरंच कळतं.

पण मोजायची गोडी लागल्यावर आमच्याकडून एक मोठी चूक झाली. चौदा वर्षांच्या एका मुलाचा आकडा झपाट्यानं वाढत होता, म्हणून आम्ही त्याला कॅम्पस बोर्डवरही (पाय न टेकवता नुसत्या हातांनी पट्ट्यांवरून वर चढायच्या फळीवर) घातलं. मधलं बोट दुखतंय म्हणाला, तेव्हा ‘टेप लाव’ एवढंच सांगितलं. एक्स-रेत बोटाच्या वाढीच्या भागालाच इजा दिसली. चार महिने त्याची वॉल बंद. त्याच्या आईबाबांपुढे आम्ही दोघं मान खाली घालून बसलो होतो.

तेव्हापासून वाढत्या वयाच्या मुलांची कमाल ताकद आम्ही मोजत नाही, कॅम्पस बोर्ड तर नाहीच. त्यांचं पाय ठेवणं बघतो, तोल बघतो, पडल्यावर उठून पुन्हा हात घालतात का ते बघतो. वजनकाटाही हॉलमधून आतल्या खोलीत नेला. वजन घटलं की आकडा आपोआप वाढतो, आणि त्या पायी एका मुलीनं डबा खाणं सोडलं होतं. कमी खाऊन वाढवलेला आकडा आम्हाला नको आहे.

तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे. मधली दोन वर्षं आलाच नव्हता, गेल्या शुक्रवारी आला आणि पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, “दादा, आता मोजूया का?” 62 किलोचा तो, वर 15 किलो, सात सेकंद पूर्ण. 1.24. कार्डावर लिहायच्या आधी मी त्याचा हात हातात घेतला आणि मधलं बोट पेरापेरानं दाबून पाहिलं.