त्या रात्री दीड दोनदा वाजला

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. रात्री क्लब उघडण्याआधी आमच्या हेड डोअरमननं सगळ्यांना जिन्यापाशी गोळा करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, हॅलोविनच्या आधीचा शनिवार आहे, अर्धं गाव भुताच्या वेशात येईल, तेव्हा ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी जुळवताना घाई करू नका. दुसरी, पहाटे दोन वाजता उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागं जातील, म्हणजे पुन्हा एक वाजेल, म्हणून नोंदवहीत वेळ नीट लिहा. पहिलीकडे मी लक्ष दिलं. दुसरी कानावरून गेली.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एमएस्सी करत होते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री केल्या की बाकीचा आठवडा अभ्यासाला मोकळा राहतो, म्हणून मी डोअर सुपरवायझरचं लायसन्स काढलं. लोक याला बाऊन्सर म्हणतात. मिरजेला घरी सांगितलं तेव्हा आईच्या डोळ्यांपुढे काळ्या टी-शर्टातले, दंड फुगवलेले पुरुष उभे राहिले. पण बायकांची झडती बाईनंच घ्यायची असते, आणि या कामात बाया कमी. मला लगेच काम मिळालं. दंडावर निळं कार्ड, कानात इअरपीस, आत किती माणसं गेली ते मोजायला हातात क्लिकर.

रात्रीचं हे शहर मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगते. कॉलिंगवूड स्ट्रीटला इथं डायमंड स्ट्रिप म्हणतात. एकाला लागून एक बार, आणि शनिवारी फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. जवळच बिग मार्केट. नावातलं ‘बिग’ म्हणजे मोठं नव्हे, ती बार्लीची एक जात आहे; मध्ययुगात इथं धान्याचा बाजार भरायचा. तिथून उतारानं खाली गेलं की टाईन नदी आणि १९२८ सालचा तो हिरवा कमानीचा पूल. ऑक्टोबरअखेरच्या गारठ्यातही पोरी बिनकोटाच्या, पोरं अर्ध्या बाह्यांत. नवरी होणाऱ्या मुलीच्या मैत्रिणींचे घोळके असतात, त्यांत तिची आई आणि आजीसुद्धा सापडते. अनोळखी माणूसही ‘पेट’ म्हणून हाक मारतो. पेट म्हणजे बाळा, पोरी, अगं. पहाटे पायातले उंच टाचांचे जोडे हातात घेऊन एकमेकींना सावरत जाणाऱ्या मुली पाहिल्या की मला जत्रेतून परतणाऱ्या बायका आठवतात.

सव्वाअकराला रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. माझ्यासमोर एक मुलगी आली. चेहरा चुन्यासारखा पांढरा, ओठ काळे, तोंडाच्या कडांना रंगवलेले टाके. बॅगेत लिपस्टिक, चार्जर, चेनची एक छोटी थैली आणि सफरचंदाच्या रसाचा डबा, शाळेत मुलांना देतात तसा, नळी चिकटवलेला. थैली मी वरून दाबून पाहिली आणि मेकअपची असेल म्हणून उघडली नाही. डबा बाहेर काढला. बाहेरचं पेय आत न्यायचं नाही, हा नियम. ती काहीतरी बोलू लागली. आतून ढोल बडवल्यासारखा बेस येत होता, मागचे ओरडत होते, मैत्रिणीनं तिचा हात ओढला. तिनं खांदे उडवले आणि आत गेली. डबा मी पिंपात टाकला.

मध्यरात्रीनंतर माझी पाळी आत, बायकांच्या टॉयलेटपाशी होती. दोनला दहा मिनिटं कमी असताना जिन्याच्या खालच्या पायरीवर तीच मुलगी बसलेली दिसली, डोकं भिंतीला टेकून. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली तिला ओलांडत होत्या. एकीनं तर तिच्याशेजारी बसून फोटो काढून घेतला. प्रेताच्या वेशातली मुलगी प्रेतासारखी पडली होती, त्यात कुणाला नवल वाटावं असं काही नव्हतं.

मी खाली बसून बोलावलं. तिनं डोळे उघडले, माझा हात झटकला, जड जिभेनं काहीतरी पुटपुटली. तोंडाला दारूचा वास होता. रेडिओवर हेडला कळवलं. तो आला, पाहिलं आणि म्हणाला, “फार झालीय हिला. बाजूच्या दारानं बाहेर काढू, मैत्रिणीला शोधू.” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. झिंगलेल्या माणसाला दारू विकणं इथं गुन्हा आहे आणि अशा माणसाला आत ठेवायचं नाही हे आमचं रोजचं काम. मीही तेच केलं असतं.

पण तिला उठवायला काखेत हात घातला तेव्हा हात भिजला. गार घाम. चेहऱ्यावरचा पांढरा रंग कपाळावरून ओघळून मानेवर उतरत होता, पावसात भिंतीचा चुना उतरतो तसा. मी थांबले. आमचे अण्णा असेच भिजायचे. एकदा दुपारी जेवण लांबलं तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या बनियन पिळून काढावा इतका घाम, आणि एरवी कधी आवाज न चढवणारे अण्णा आईवर खेकसत होते. आईनं काही न बोलता त्यांच्या तोंडात साखर घातली होती.

मी तिची बाही वर सरकवली. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी गोल चकती चिकटवलेली होती. तिच्यावर तिनं काळ्या-लाल रंगात डोळा काढला होता, वेशाचाच भाग वाटावा असा. साखर मोजणारा सेन्सर. बॅगेतला फोन थरथरत होता, किती वेळ थरथरत असेल कोण जाणे. त्या आवाजात सायरनही ऐकू आला नसता. स्क्रीनवर इशारा आणि आकडा, २.६. क्षणभर मला उलगडेना. अण्णांचे आकडे नव्वद, एकशे चाळीस असे असतात. इंग्लंडात मोजायचं माप वेगळं, आपल्या आकड्यासाठी अठरानं गुणावं लागतं. म्हणजे सत्तेचाळीस.

“ही झिंगलेली नाही, हिची साखर उतरलीय,” मी ओरडले. हेडनं एक शब्दही न विचारता ९९९ हा इथला तातडीच्या मदतीचा आकडा फिरवला आणि दुसऱ्या हातानं जिन्यावरची गर्दी अडवली. मी बारकडे धावले. तिथं नळीच्या पिस्तुलातून कोक देतात आणि न सांगता मागितलं तर पुष्कळदा डाएट पडतं. त्यात साखर नसतेच. मी तीनदा सांगितलं, साखरेचा, साधा, डाएट नको. तिला गिळता येतंय ना ते आधी पाहिलं. येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, पोटाऐवजी श्वासनलिकेत जातं. २०२१ पासून आम्हाला लायसन्सआधी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्यातलं हे वाक्य मला पाठ होतं. एक घोट, थांबायचं, पुन्हा एक घोट. अर्धा कोक तिच्या कपड्यांवर सांडला.

दहा मिनिटं. एवढी लांब दहा मिनिटं मी कधी काढली नाहीत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, खरोखर पाहिलं, आणि विचारलं, “माझी मैत्रीण कुठाय?” बारमधल्या पोरानं स्वतःच्या डब्यातलं सँडविच आणून दिलं.

रुग्णवाहिका आली. पॅरामेडिक बाई तिचं बोट टोचत मला विचारत होती, “कधी सापडली?” मी म्हणाले, एक पन्नास. तिनं मनगटावर पाहिलं. एक वाजून पंधरा मिनिटं झाली होती. मुलगी सापडली त्याच्या पस्तीस मिनिटं आधीच मदत पोचली होती, असं घड्याळ सांगत होतं. तिला सवय असावी. “जुनी वेळ की नवी?” एवढंच तिनं विचारलं आणि दोन्हींपुढे खूण करून लिहून घेतलं. साखर किती वेळ उतरलेली होती हे तिला कळायला हवं होतं.

तिनंच मला नंतर समजावलं. ही मुलगी लहानपणापासून इन्शुलिनवर. दारू पोटात गेली की यकृत त्या दारूच्याच मागे लागतं आणि साखर घटली तरी साठ्यातली वेळेवर सोडत नाही. वर दोन तास नाच. मेंदूला साखर पुरेना की माणूस अडखळतो, बरळतो, चिडतो. त्यात दोन पेगांचा वास आला की पाहणाऱ्याचं निदान तिथंच संपतं.

ती जाण्याआधी मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, “तुझा ज्यूस मी टाकला.” ती म्हणाली, “हो, ओळखलं मी तुला.” मग थोड्या वेळानं, “मी सांगणार होते. पण मागं एवढी माणसं उभी होती, आणि दर वेळी सगळ्यांसमोर सांगायचं...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. मी माफी मागितली. तिनं माझा हात दाबला, पण मला त्यानं हलकं वाटलं नाही. चेनच्या थैलीत इन्शुलिनचं पेन होतं. मी ती उघडली असती तर पिंपापर्यंत हात गेलाच नसता.

नोंदवहीत जप्त केलेल्या वस्तूंचा रकाना असतो. तिथं आम्ही सुऱ्या, पुड्या, बाटल्या लिहितो. मी लिहिलं: सफरचंदाचा रस, एक डबा, आणि पुढे माझं नाव. हेडनं वाचलं. वेळेच्या रकान्यात १:५० च्या पुढे ‘पहिला’ आणि १:१५ च्या पुढे ‘दुसरा’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. पुढच्या शुक्रवारी त्यानं जिन्यापाशी आम्हाला सांगितलं की बॅगेत खाणं-पिणं दिसलं तर आधी बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारायचं की हे औषध म्हणून आहे का, आणि हो म्हटलं तर परत बॅगेत ठेवायचं.

त्या रविवारी बंद करून बाहेर पडले तेव्हा रस्त्यावर भुतं चिप्स खात टॅक्सीची वाट पाहत होती. दर शनिवारच्या पाळीनंतर मी घरी फोन करते. आईनं पहिल्याच रिंगला उचलला. मागं कढईचा आवाज, दुसऱ्या दिवशी वसुबारस, चकल्या चालल्या होत्या.

“आज तासभर उशीर झाला गं. जीव नुसता टांगणीला.”

“उशीर नाही आई, इथली घड्याळं मागं गेली,” मी म्हणाले. “अण्णांनी काही खाल्लंय का? त्यांना फोन दे.”