धरणारं हत्यार घरी, फिरणारं विकत

घरात वर्कशॉप करायचं म्हटलं की लोक आधी मशीनची यादी काढतात. लोखंड फिरवून गोल कापणारा लेथ पाहिजे, मिलिंग पाहिजे, पिलर ड्रिल पाहिजे, मग किमती बघायच्या आणि यादी कपाटात टाकायची. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला ही यादी करायची गरजच नाय असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीला किक मारली की थोड्या वेळात शिवाजी उद्यमनगर, तिथं एका बोळात टर्निंग म्हणजे लेथचं काम, दुसऱ्या बोळात गिअर कटिंग, पलीकडं ओतकामाचे नमुने करणारा पॅटर्नवाला, कोपऱ्यावर नट-बोल्टचं दुकान आणि मधेमधे भंगार. एवढं सगळं जवळ असताना मी गॅरेजात लेथ आणून ठेवला तर त्यावर महिन्यातनं एकदा बुश, म्हणजे पिन घालायची जाड नळी, निघणार आणि बाकीचे दिवस धुणं वाळत पडणार.

मग घरी काय करायचं? माझा हिशोब साधा आहे. जे हत्यार जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरून ठेवतं ते घरी बनवायचं, जे फिरतं ते विकत आणायचं. क्लॅम्प तुटला तर जॉब खाली पडतो, फार तर पायावर. फिरणारं तुटलं की ते तोंडाकडं येतं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो, म्हणजे चाकाची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असती. आणि आपली मंडळी गार्ड काढून, त्यात लाकूड कापायचं दातेरी पातं बसवून, वर एका हातानं धरून फरशीवर बसून काम करणार. त्याला जुगाड म्हणत नाहीत भावांनो. रील बघून असलं काही करू नका.

धरायच्या हत्यारांत मात्र लै मजा आहे, आणि पैसाही खरं तिथंच वाचतो. टेबलावरच्या पकडीच्या, म्हणजे वाईसच्या, जबड्यांना ॲल्युमिनियम अँगलचे तुकडे लावले की पितळेचा जॉब ओरखडत नाही. गोल पाईप धरायला अँगल उताणा, म्हणजे कोपरा खाली करून पट्टीवर वेल्ड केला की व्ही-ब्लॉक तयार. काटकोनात फ्रेम टाकायला जाड प्लेटचा त्रिकोण कापायचा, पण त्याचा काटकोनाचा कोपरा गोल खाऊन टाकायचा, नाहीतर वेल्डिंगचा मणी आत अडकून जॉब त्यालाच चिकटतो. आणि गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, दुकानातनं आणला म्हणून तो बरोबरच असेल असं धरून चालू नका, प्लेटच्या सरळ कडेला टेकवून एक रेघ मारायची, गुण्या पलटी करून त्याच जागी दुसरी मारायची, दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा.

या सगळ्यात माझ्या जिवाभावाचा प्रकार म्हणजे पत्रा वाकवायचं यंत्र. विकत घ्यायला गेलं तर जागाही खातं आणि पैसाही, आणि करायला घेतलं तर त्यात मोठं काही नाही. ५० बाय ५० चे सहा मिलिमीटर जाडीचे दोन फुटी अँगल, एक टेबलाच्या कडेला बोल्टनं पक्का, दुसरा त्याला बिजागरीनं जोडलेला, वरनं पत्रा दाबायला तिसरा अँगल. सगळी मेख बिजागरीत आहे. पिनचा मध्य बरोबर दोन अँगलच्या वरच्या जोडरेषेवर यायला पाहिजे, एक सूत जरी खालीवर झाला तर पत्रा वाकता वाकता सरकतो आणि कड तीक्ष्ण न येता गोल येती. म्हणून अँगलची टोकं खाचून बुश आत बसवायचा. गेटच्या तयार बिजागऱ्या ढिल्या असतात, त्या यात चालत नाहीत, म्हणून बुश टर्न करून आणायला उद्यमनगरात लेथवाल्या मेस्त्रींकडं गेलो.

कॅलेंडरच्या पानामागं काढलेलं चित्र मेस्त्रींनी चष्मा वर करून बघितलं.

"भोक किती?"

"बारा, मेस्त्री. बारा एमएमचा ब्राइट बार घालणार हाय."

"बारा नको, बारा दशांश दोन ठेवतो. वेल्डिंगनं बुश आवळतंय, मग पिन घालायला घण घेऊन बसशील."

हे मी कुठल्या व्हिडिओत ऐकलं नव्हतं. चहा येईपर्यंत चारी बुश निघाले सुद्धा. घरी आल्यावर दोन्ही टोकांच्या बुशांतनं एकच लांब सळी आरपार घातली, म्हणजे दोन्ही बिजागऱ्या आपोआप एका ओळीत, आणि मग टाके मारले. एका बाजूला एक, लगेच दुसऱ्या बाजूला एक, सळी हातानं फिरती का बघायची, मग पुढचा टाका. सलग एका कडेनं वेल्डिंग मारत गेलं की अँगल केळीसारखा वाकतो. २० गेजचा पत्रा आता आरामात वाकतो (गेजचा आकडा कमी तेवढा पत्रा जाड), १८ गेजला अंग टाकावं लागतं, त्याच्या पुढं मी जातच नाही, त्याला उद्यमनगरात प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मोठं मशीन आहे.

वेल्डिंगला २०० अँपिअरचा इन्व्हर्टर सेट, अडीच एमएमचा ६०१३ रॉड, करंट ७० ते ८० च्या आसपास, घरच्या सिंगल फेजवर एवढं चालतंय. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे गिझर आणि मोटारी चालू असल्या की व्होल्टेज बसतं आणि रॉड चिकटायला लागतो, तेव्हा सरळ बंद करून कानस घ्यायची. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाईप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढायचं आणि शटर पूर्ण उघडायचं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, वेल्डर लोकांना हे चांगलं माहीत असतं.

आता भंगार. पोत्यावर बसलेल्या मामांकडं सगळं किलोवर, पण तुम्ही ज्या तुकड्याकडं दोनदा बघता त्याचा भाव वेगळा लागतो, म्हणून बघायचं एकाकडं आणि उचलायचं दुसरं. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, जुन्या बेअरिंगच्या रिंगा, तुटलेले टॅप, पॉवर हॅक्सॉची झिजलेली पाती, हे दिसलं की मी घेतोच. पोलाद ओळखायला ठिणगी बघायची. एमएसवर, म्हणजे साध्या मऊ पोलादावर ग्राइंडर टेकवला की लांब पिवळ्या रेघा सुटतात आणि फुलं कमी, कार्बन जास्त असेल तर रेघेच्या टोकाला फुलबाजीसारखी फुलंच फुलं, आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड असलं तर ठिणगी आखूड, लालसर, मलूल. सावलीत बघायचं, उन्हात सगळ्या सारख्याच दिसतात. रेल्वे रुळाचा तुकडा ऐरण म्हणून कोणी देत असेल तर मात्र हात जोडा, रेल्वेचा माल बेकायदा जवळ ठेवणं गुन्हा आहे, त्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. माझी ऐरण म्हणजे मोडक्या शाफ्टचा जाड फ्लँज, लाकडी ओंडक्यावर बसवलेला, काही बिघडलं नाही.

पाट्याच्या तुकड्याची छन्नी करायची पद्धत सांगतो, कारण हे घरी खरंच जमतं. चार विटा, लोणारी कोळसा आणि जुना ब्लोअर, एवढी भट्टी पुरते. आकार देऊन झाला की धारेची बाजू लाल करायची आणि मधनंमधनं चुंबक लावून बघायचा. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक धरायचा बंद होतो, तिथनं अजून थोडंसं तापवून सरळ तेलात, पाण्यात नाही, पाण्यात पाटा तडकतो. तेलाचा डबा लोखंडी, झाकण हाताशी, वर छत नसलेल्या जागी. आता ती छन्नी काचेसारखी कडक आणि ठिसूळ झालेली असते, तशीच वापरली तर टवका उडणार. म्हणून एक बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करायची आणि मागच्या अंगानं हळूहळू गरम करायची. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा, आणि हे रंग मागनं धारेकडं सरकत येताना डोळ्यांनी दिसतात. जांभळा धारेला पोचला की पाण्यात. डोक्याची बाजू मऊच ठेवायची, हातोडी तिथं बसणार आहे. ट्यूबलाइट बंद करून हे रंग बघायला आमच्या शेजारचं कार्टंसुद्धा अभ्यास टाकून येतंय.

वर म्हटलं फिरणारं विकत आणायचं, आणि आमच्याकडं वॉशिंग मशीनच्या मोटारीवर केलेला सँडर आहे, हे माझ्याकडं येऊन गेलेले लोक लगेच सांगणार. मान्य. २०१९ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या घरांतनं फ्रीज आणि वॉशिंग मशीनचे ढीग भंगारात आले होते, त्यातली ही मोटार. चिखल धुऊन, वाळवून, मेगर नावाच्या मीटरनं वायरचं इन्शुलेशन तपासून घेतलं, बेअरिंग आणि कपॅसिटर नवे टाकले. पण दोन गोष्टी बघा. ती चार पोलची आहे, मिनिटाला १,४०० च्या आसपास फेरे, म्हणजे ग्राइंडरच्या मानानं संथ. आणि त्यावर दगड नाही, उद्यमनगरातनं टर्न करून आणलेली सहा इंची प्लेट आहे, तिला एमरी पेपर चिकटवलेला. पेपर फाटला तर फाटला. शिवाय संथ असल्यामुळं छन्नीची धार जळून निळी पडत नाही, हा फायदा मला नंतर कळला. अर्थिंगची वायर मात्र बॉडीला बोल्टनं, नुसती गुंडाळलेली नाही.

आपल्या गावाला हे नवीन नाही म्हणा. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटरांनी, भाऊ आनंदराव १९१६ साली गेल्यावर, दोघांनी मिळून धरलेला नाद सोडला नाही आणि १९१८ साली कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरवरनं जाताना कॅमेऱ्याच्या स्मारकाकडं बघून माझ्या मनात दर वेळी एकच येतं, की त्या गड्यांनी फिल्म पुढं सरकवायच्या भागाचं माप कशानं घेतलं असेल.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पुसून, तेल लावून, झेंडूसकट टेबलावर मांडतात. आईचा हट्ट असतो की त्या दिवशी काहीही चालू करायचं नाही, आणि नेमका त्याच दिवशी शेजारच्या काकांचा गेट निखळतो.

सध्या बॉटल जॅकचा प्रेस, म्हणजे दाब द्यायचं यंत्र चाललाय, दहा टनी. चॅनेल भिंतीला लावून ठेवलाय आणि बायको रोज विचारती की अहो, हे कधी उभं राहणार. इथं माझा वरचा हिशोब कामाला येत नाही, कारण प्रेस धरतही नाही आणि फिरतही नाही, आणि दाबाखाली बेअरिंगची रिंग फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. म्हणून समोर जाड प्लेटचा पडदा बिजागरीवर बसवणार आहे. जॅक वर ओढून घ्यायला स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग पुरंल का दोन लावाव्या लागतील, कोणी बसवली असेल तर सांगा.