तुम्ही विचारलंत म्हणून: स्टॉकहोम किती दिवसांत होतं?

"तीन दिवसांत स्टॉकहोम, ओस्लो, कोपनहेगन होईल ना?" शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न सुरू होतो. कधी मावसभाऊ विचारतो, कधी कुणाच्या तरी नणंदेची मैत्रीण. विचारणाऱ्यांची फाइल तयार असते आणि पंधरा व्हिडिओ पाहून झालेले असतात, त्यामुळे स्वीडन कुठे आहे इथपासून सुरुवात करत नाही. उत्तर एवढंच की होत नाही. तीन रात्री असतील तर एकच शहर करा. स्टॉकहोमच करा असा माझा हट्ट नाही. कोपनहेगन करायचं तर खुशाल करा, पण मग तेही एकटंच करा.

"नकाशात तर शेजारी-शेजारी दिसतात." दिसतात खरी. पण स्टॉकहोमहून कोपनहेगनची थेट गाडी पाच तासांच्या वर घेते आणि ओस्लोचीही तीच गत. विमान तासाभरात पोहोचवतं, पण आर्लांडा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर आहे. जाणं, तपासणी, तिकडे उतरून पुन्हा शहरात शिरणं धरलं तर अर्धा दिवस गेलाच. त्यात हॉटेलची खोली अकरा-बाराला सोडायची आणि नवी तीनच्या सुमारास मिळणार. मधले तीन-चार तास बॅगा कुठे ठेवायच्या याच्या विवंचनेत जातात. तीन शहरं म्हणजे असे दोन दिवस वाया, मग उरलं काय? आणि हो, ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करावा लागतो. रात्री इकडच्या तिकडे करताना हे लक्षात ठेवा.

आता पोहोचण्याबद्दल. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून आनंदात असलेल्यांनी विमानतळाचं नाव पुन्हा वाचावं. स्काव्स्टा आणि वेस्तेरोस या दोन्ही ठिकाणांपुढे स्टॉकहोमचं नाव लावून तिकिटं विकली जातात, पण दोन्ही शंभरेक किलोमीटरवर आहेत. आर्लांडावरून चार वाटा. आर्लांडा एक्सप्रेस वीसेक मिनिटांत मध्यवर्ती स्टेशनात आणते आणि त्याचे पैसेही तसेच घेते. विमानतळाची बस पाऊण तास. लोकल, म्हणजे पेंडेलतोग, चाळीसेक मिनिटं घेते, पण नेहमीच्या शहरी तिकिटावर आर्लांडाच्या स्टेशनात ये-जा करता येत नाही. वेगळं प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि ते तिकिटाच्या कितीतरी पट असतं. लोक इथेच फाटकाशी अडकतात. चौथी वाट काटकसरीची: 583 नंबरच्या बसने मेर्स्टाला जायचं आणि तिथून लोकल धरायची. सगळा प्रवास साध्या तिकिटात होतो, वेळ मात्र तासाभराच्या वर. तिकीट 75 मिनिटं चालतं, तेव्हा बस चुकली तर हिशेब बिघडतो. चौघं असाल आणि रात्री उशिरा उतरत असाल तर टॅक्सीवाल्याला बसण्याआधीच ठरलेली रक्कम विचारा. टॅक्सीचे दर इथे सरकार ठरवत नाही. दर खिडकीवर पिवळ्या पट्टीत लिहिलेला असतो, तो वाचा.

फ्रँकफर्टमार्गे येत असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच, कारण शेंगेन देशांत तुम्ही तिथे शिरता. दोहामार्गे असाल तर आर्लांडाला. पहिल्या प्रकारात मधल्या विमानतळावर एक तासाची जोडणी घेऊ नका. ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांग कुठे लांबेल सांगता येत नाही.

सामानाबद्दल बोलले की लोक रागावतात, तरी बोलते. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चक्का काहीही नाही. आंबेही रोपरोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय नाहीत, मग पेटी देवगडची असो नाहीतर रत्नागिरीची. कढीपत्त्याचंही तेच. चिवडा, तेलातल्या चकल्या, मेतकूट, लसणाची चटणी आणा. "आमच्याकडे कुणीच बघितलं नाही" असं सांगणारे भेटतात. त्यांचं नशीब, तो नियम नव्हे.

हॉटेल गाम्ला स्तानमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, घ्यावं का? फोटो सुंदर येतात. पण रस्ते दगडगोट्यांचे, चाकांची बॅग उड्या मारते, आणि जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर मध्यवर्ती स्टेशनाजवळ किंवा उदेनप्लानला राहा. उदेनप्लानला लोकल आणि भुयारी रेल्वे दोन्ही थांबतात. न्याहारी धरलेली खोली घ्या, तिच्यावर दुपारपर्यंत निभावतं. खाण्याच्या ठिकाणी दुपारी अकरा ते दोन 'दागेन्स लंच' असतं: एक पदार्थ, सलाड, ब्रेड, बहुतेक ठिकाणी कॉफीसुद्धा. रात्री त्याच ठिकाणी तसंच ताट दुपटीच्या आसपास पडतं. शाकाहारी पदार्थ हल्ली बहुतेक ठिकाणी असतो, तो आपल्या जिभेला लागेल का हा प्रश्न वेगळा. नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेऊ नका. रोकड बदलून आणू नका, कितीतरी दुकानं आणि संग्रहालयं ती घेतच नाहीत.

प्रवासाच्या पासाबद्दल मी पूर्वी डोळे मिटून "72 तासांचा घ्या" म्हणायचे. आता आधी हिशेब करायला लावते. त्या पासाची किंमत साधारण आठ-नऊ सुट्या तिकिटांएवढी आहे. शहर चौदा बेटांवर पसरलंय, पण मधला भाग चालण्यासारखा आहे. चालणारे असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात, आईवडील सोबत असतील तर पास. बँकेचं कार्ड सरळ फाटकाला टेकवलं तरी चालतं, फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एका कार्डावर नवरा-बायको दोघं आत जात नाहीत. सगळ्या संग्रहालयांचा मिळून जो महाग पास विकतात तो दिवसाला तीन-चार ठिकाणं धावत केली तरच वसूल होतो, आणि तसं धावायला मी कुणाला सांगणार नाही.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतो ते. "एका बुडालेल्या जहाजासाठी अर्धा दिवस?" हो. यादीतून बाकी काहीही खोडा, वासा, म्हणजे त्या जहाजाचं संग्रहालय, खोडू नका.

10 ऑगस्ट 1628, रविवार दुपार. राजवाड्याखालून राजा दुसऱ्या गुस्ताव आडोल्फची नवी युद्धनौका पहिल्यांदा निघाली. 69 मीटर लांब, 64 तोफा, त्यातल्या 48 चोवीस पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. वारा मंद होता. काठावर गर्दी, जहाजावर खलाशांच्या बायकामुलांनाही थोड्या अंतरापर्यंत परवानगी होती. पहिल्या झुळकेने जहाज कललं, सावरलं. दुसरीने इतकं कललं की सलामीसाठी उघडलेल्या खालच्या तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. जेमतेम 1300 मीटर जाऊन ते 32 मीटर पाण्यात बसलं, सगळ्या शहराच्या डोळ्यांदेखत. तीसेक माणसं गेली. आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली होती. तिसऱ्या फेरीनंतर ती थांबवावी लागली, कारण जहाज तिथेच धक्क्याला उलटेल असं वाटलं. अ‍ॅडमिरल फ्लेमिंग हजर होता. राजा पोलंडच्या लढाईत होता आणि जहाज लवकर पाठवा म्हणून मागे लागला होता. मुख्य कारागीर हेन्रिक हुबर्टसन आदल्या वर्षीच वारला होता. चौकशी झाली, कप्तानाला अटकही झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. मापं राजाने मंजूर केलेली, कारागीर मेलेला, बोट दाखवायचं कुणाकडे?

तळ अरुंद, वरचा भार जास्त, हे ढोबळ कारण. पण तज्ज्ञांनी जहाज मोजलं तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा जड निघाली. आत सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या आहेत: दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या, दोन अकरा इंची आम्स्टरडॅमच्या फुटाच्या. म्हणजे सुतारांची मापंच वेगवेगळी होती. त्या काचेत ठेवल्या आहेत आणि बहुतेक लोक त्यांच्यापुढून न बघता जातात. सतराव्या शतकातच खाली हवा धरून ठेवणाऱ्या मोठ्या घंटेतून माणसं उतरवून पन्नासहून जास्त तोफा वर काढल्या होत्या. मग विसर पडला. 1956 मध्ये आंदेर्स फ्रान्सेन या हौशी संशोधकाने तळाचे लाकडी नमुने काढत काढत जागा शोधली. नौदलाच्या पाणबुड्या जवानांनी चिखलात जहाजाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओवले, आणि 24 एप्रिल 1961 ला वासा पाण्याबाहेर आली. बाल्टिकचं पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा सागरी किडा तिथे जगत नाही, म्हणून 98 टक्के जहाज मूळचंच आहे. नंतर सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारत राहावं लागलं, नाहीतर वाळताना लाकूड आकसून फाटलं असतं.

बघायचं कसं? उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट साडेआठला उघडतं, तेव्हा दारात असा. एरवी दहाला उघडतं, आणि बुधवारी रात्री आठपर्यंत असतं, ती वेळ उत्तम. शिरल्याबरोबर जहाज अंगावर येतं, तिथे फोटो काढत थांबू नका, आधी छोटी फिल्म बघा. मग सगळ्यात वर जा आणि मजल्यामजल्याने खाली उतरा. मागची कोरीव बाजू वरून बघितलेली चांगली. सगळ्यात खाली सापडलेल्या सांगाड्यांवरून उभे केलेले चेहरे आहेत, तिथे मुलं गप्प होतात. आत थंड आणि अंधारं असतं, जाकीट बरोबर घ्या. अठराखालच्यांना तिकीट नाही. स्लुस्सेनच्या धक्क्याहून 82 नंबरची बोट शहरी तिकिटातच, संग्रहालय आहे त्या युरगोर्डन बेटावर सोडते, दहा मिनिटांत. वेगळी पर्यटक-बोट कशाला हवी?

त्याच बेटावर 1891 चं स्कान्सेन आहे, जगातलं सर्वांत जुनं खुल्या आकाशाखालचं संग्रहालय, मुलं असतील तर दुपार तिथे. आब्बा या स्वीडिश गायकचमूचं संग्रहालयही आहे. आब्बाची गाणी तुमची असतील तर जा, नसतील तर तिकीट महागात पडेल.

उरलेले दोन दिवस पटकन सांगते. गाम्ला स्तान सकाळी नऊच्या आत. मुख्य वेस्तरलोंगगातानऐवजी समांतर प्रेस्तगातान धरा, एका कोपऱ्यावर भिंतीत रुणशिळा, म्हणजे जुनी रुण लिपी कोरलेला दगड, चिणलेली दिसेल. मोर्टेन ट्रोट्सिग गल्ली अवघी 90 सेंटिमीटर. महापालिकेची इमारत, स्तादहूसेत, फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येते. नोबेलचं जेवण होतं तो निळा हॉल निळा नाही, विटांचा आहे, हे आधीच सांगते. सोन्याचा हॉल मात्र सोन्याचाच दिसतो, एक कोटी ऐंशी लाख तुकड्यांची मोझेक. 10 डिसेंबरच्या आसपास ही इमारत बंद असते. सोमवारी कलासंग्रहालयं बंद असतात, तेव्हा सोमवार बोटीने फिरण्याला द्या. चित्रं-शिल्पांनी सजवलेली भुयारी रेल्वेची स्टेशनं पावसाच्या दिवसासाठी राखा, निळ्या मार्गावरची आधी. संध्याकाळी सोडरमाल्म बेटावरच्या मोंतेलियूसवेगेन या उंचावरच्या वाटेवर शहर बघायला जा, चढ आहे पण तिकीट नाही.

आणि कधी यावं? यावर माझंच माझ्याशी जमत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी येऊ नका, असं मी वर्षानुवर्षं ठणकावलं. डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. मुंबईहून आलेल्या माणसाने तीन दिवस असे काढायचे? जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. पण जूनची शिफारस केली की मिडसोमरचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाचा, शुक्रवार आड येतो. 19 ते 25 मधला तो शुक्रवार, शहर ओस पडतं, दुकानं बंद, आणि पाहुणे मलाच विचारतात की लोक कुठे गेले. जुलैत गर्दी असते आणि कितीतरी चांगली छोटी खाण्याची ठिकाणं सुट्टीवर. डिसेंबरात उलट, जुन्या शहरातल्या स्तोरतोर्गेत चौकातला बाजार, खिडक्याखिडक्यांतले दिवे, 13 तारखेचा लुसिया हा दिव्यांचा सण. काहींना तेच आवडून गेलं, मला तोंडघशी पाडून. तरी सासूबाईंना पहिल्यांदा आणायचं तर मी ऑगस्टच्या उत्तरार्धाचं नाव घेते, आणि तेव्हा पाऊस येतो हेही सांगते.

चौथा दिवस मिळालाच तर ओस्लोचं नाव काढू नका. मध्य शहरातून बोटीने तासाभराचं वाक्सहोल्म गाठा. शहराबाहेरच्या हजारो बेटांच्या पट्ट्याची चुणूक तेवढ्यात मिळते. परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर बघून ठेवा. चुकलीच तर 670 नंबरची बस टेक्निस्का हॉगस्कोलान स्टेशनापर्यंत आणते, तिथून भुयारी रेल्वे.