आमची वाटचाल : सरकारमान्य प्रमाणपत्राशिवाय

आधीच सांगून टाकतो, आमचा वर्ग इंटरनेटच्या कायद्यांचा, आणि आमच्याकडं सरकारमान्य प्रमाणपत्र मिळत नाही. पूर्वीही मिळत नव्हतं. वर्गाला बसल्याचं हजेरीपत्र देतो. त्यावर माझी सही आणि संस्थेचा गोल शिक्का असतो, आणि हे फ्रेम करून लावू नका, असं हातात ठेवतानाच बजावतो. या बजावण्यापायी एकदा आमचं शटर कायमचं खाली यायची वेळ आली होती. ज्यांनी ती आणली त्यांची पाटी आज आमच्यापेक्षा मोठी आहे. असो, वर्ग आमचा भरतो.

सुरुवात 2015 ची. मी औरंगाबाद खंडपीठात एका सीनियरकडं ज्युनिअर होतो. 24 मार्चला श्रेया सिंघल खटल्याचा निकाल आला, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी गुन्हा लावणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द झालं, पेपरात मथळे झळकले. तरी तालुक्याच्या ठाण्यांमधून येणाऱ्या एफआयआरमध्ये ते कलम दिसतच राहिलं. (2021 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानं यावर धक्का बसल्याचं म्हटलं. आम्हाला नाही बसला.) खरी गोष्ट वेगळीच होती आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच निकालात कलम 79 चा अर्थ लावून दिला होता, म्हणजे दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी फेसबुक-यूट्यूबसारख्या मंचावर कधी येते ते. एखादा मजकूर बेकायदा आहे हे मंचाला कळलं असं कधी धरायचं? न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हातात पडल्यावर. कुणीही उठून ईमेल ठोकला की मंच अडकला, असं नाही. बार रूममध्ये चहाबरोबर हे चौघांना समजावलं, चौघांचे दहा झाले, मग समर्थनगरात एक खोली भाड्यानं घेऊन रविवारचा वर्ग सुरू केला.

त्यानंतरची चार-पाच वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. बॅच भरत होत्या, भाडं जात होतं.

हत्यारांबद्दल मात्र लिहितो, कारण धंदा त्यांच्यावर चालतो. आम्ही नोट्स देत नाही, राजपत्र देतो. अख्खं. ई-गॅझेटवर ते फुकट मिळतं, तरी निम्मे वकील कुणीतरी केलेला सारांश वाचून उभे राहतात आणि समोरच्यानं पोटनियम विचारला की पाणी पितात. आम्ही एका बाजूनं छापतो, समास मोठा सोडतो. हिंदीची पानं पुढं असतात, ती काढत नाही. किनवट-धारूरकडचा पोरगा हिंदीतून पटकन पकडतो आणि मग इंग्रजीत शब्द तपासतो. यासाठी जुन्या बाजारातून एक झेरॉक्स मशीन घेतलं होतं. ड्रम खराब झाला की पानाच्या उजव्या कडेला काळी रेघ यायची. जुने विद्यार्थी अजून त्या रेघेवरून आमची प्रत ओळखतात.

दुसरं हत्यार म्हणजे घड्याळाचा तक्ता. 25 फेब्रुवारी 2021 ला मध्यस्थांचे, म्हणजे या मंचांचे, नवे नियम आले (राजपत्रातला क्रमांक जीएसआर 139 (ई)), तेव्हा मी तो कापडावर हातानं लिहिला. तक्रारीची पोच 24 तासांत, निवारण 15 दिवसांत. नग्न वा खासगी चित्राची तक्रार आली तर 24 तासांत ते खाली. न्यायालय किंवा सरकारचा आदेश आला तर 36 तास. तपास यंत्रणेला माहिती 72 तासांत. नोंदी 180 दिवस. शेजारी 2020 च्या ई-कॉमर्स नियमांची ओळ : पोच 48 तासांत, निवारण एका महिन्यात. ही ओळ पैठणच्या साडीवाल्यांसाठी होती. दुसऱ्याच्या मंचावर माल विकणाऱ्यालाही स्वतःचा तक्रार अधिकारी नेमावा लागतो, हे त्यांना पटता पटत नाही. मंच बघून घेईल म्हणतात. मंच स्वतःचं बघतो.

तिसरी जालन्याची फाईल. पुण्या-मुंबईचे प्रशिक्षक इलेक्ट्रॉनिक पुरावा शिकवताना परदेशातले दाखले देतात. आमच्याकडं घरचा आहे. 2014 ची जालना विधानसभा, फरक 296 मतांचा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, एवढाच वाद, आणि उत्तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यात. सीडी मिळाल्या, इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत जोडायचं साक्ष्य कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र मात्र मागूनही मिळालं नाही. 2017 मध्ये आमच्याच खंडपीठानं निवडणूक रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेलं आणि 14 जुलै 2020 ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या निकालात तीन न्यायमूर्तींनी ठरवून दिलं की दुय्यम प्रतीसाठी प्रमाणपत्र लागतंच. समोरचा देत नसेल तर न्यायालयाकडं अर्ज करून मागवा. देशभर हा निकाल उद्धृत होतो. जालन्याच्या पोरांना मी आधी तो कुठला ते सांगत नाही. नावं आली की वर्ग जागा होतो.

आता 2021. दुसऱ्या लाटेत खोली बंद, वर्ग मोबाइलवर, फी अर्धी. तेवढ्यात नव्या नियमांनी मराठवाड्यातल्या पोर्टलवाल्यांची आणि यूट्यूब चॅनलवाल्यांची झोप उडाली होती. आमच्यासाठी हा हंगाम असायला हवा होता. पण आमच्याच एका जुन्या बॅचला पुढच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांनी स्वतंत्र दुकान थाटलं. माझा तक्ता फोटो काढून तसाच्या तसा छापला, मी हातानं काढलेला वाकडा बाणसुद्धा तसाच. ते मी सोडून दिलं असतं. त्यांनी विकायला काढलं ते ‘केंद्र सरकार मान्यताप्राप्त डिजिटल मीडिया नोंदणी’. तिरंगी पट्टी, होलोग्राम, वर राजमुद्रेसारखं चित्र. (राजमुद्रेच्या गैरवापराबद्दल 2005 चा वेगळा कायदा आहे, पण तो कोण वाचतो.) फी आमच्या दुप्पट. सोबत ‘मुख्य अनुपालन अधिकारी’ (नियम पाळले जातात का ते बघणारा) नेमल्याचं पत्रही मिळायचं.

नियमांत नोंदणी नव्हतीच. नियम 18 प्रमाणं बातम्यांच्या प्रकाशकानं माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपला तपशील कळवायचा होता, 30 दिवसांत. कळवायचा, बस. त्याची मान्यता येत नाही, परवाना निघत नाही. आणि मुख्य अनुपालन अधिकारी लागतो तो 50 लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना. दोन माणसं आणि एक ट्रायपॉड असलेल्या चॅनलनं तो कुठं बसवायचा? हे मी मोबाइलवरच्या वर्गात सांगितलं, त्याची क्लिप फिरली आणि उलटीच बोंब झाली. “या सरांकडं मान्यता नाही म्हणून जळायलेत.” दोन बॅच रिकाम्या गेल्या. ज्यांनी आगाऊ फी भरली होती त्यांनी परत मागितली. दिली.

ऑगस्टमध्ये शेवटचा धक्का बसला. 14 तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं नियम 9 च्या उपनियम 1 आणि 3 ला अंतरिम स्थगिती दिली, म्हणजे प्रकाशकांची आचारसंहिता आणि तक्रारींची त्रिस्तरीय यंत्रणा थांबली. बाहेर बातमी पसरली की कायदाच उडाला. उरलेलेही म्हणाले, आता शिकायचं काय? मंचांचा भाग तसाच होता, 36 तास जागेवर, 72 तास जागेवर, कलम 69अ खाली मजकूर बंद करण्याचा अधिकार जागेवर. ऐकायला कुणी नव्हतं. गाळामालकानं कुलूप बदलायची भाषा केली तेव्हा झेरॉक्स मशीन विकलं.

त्या दिवसांत धारूरचे अण्णा आले नसते तर हे पान लिहिलं गेलं नसतं. अण्णांचं आधी साप्ताहिक होतं, मग त्याचंच यूट्यूब चॅनल झालं. आमच्याकडं पहिल्यांदा आले ते एका नोटिशीमुळं. नोटीस मिटली, अण्णा टिकले. प्रमाणपत्राचा सेल्समन त्यांच्याकडंही गेला होता. अण्णांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, “ह्याच्यावर सही कुणाची हाय?” तो म्हणाला, आमच्या संचालकांची. अण्णा म्हणाले, “मग सरकार कुठंय ह्याच्यात?” आणि चहा पाजून वाटेला लावला.

नंतर मला फोन आला. “सर, बंद करू नका. पोरं घेऊन यायलोय.” गेवराई, माजलगाव, केजचे वार्ताहर गोळा करून त्यांनी स्वतःच्या कापसाच्या जिनात सतरंजीवर वर्ग भरवला, ज्वारीची भाकरी आणि ठेचा घरून. सगळ्यांची फी एकरकमी द्यायला जमलं नाही. कापसाचे पैसे आले तशी येत गेली, पण कधी मागावी लागली नाही. त्याच वर्गातून पुढं अंबाजोगाईची बॅच निघाली, मग परळीची. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या तक्रार अपील समित्या स्थापन झाल्यावर तर उलट रांग लागली. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्यानं केराची टोपली दाखवली तर 30 दिवसांत वर अपील करता येतं, तेही ऑनलाइन, दिल्लीला न जाता. होलोग्रामवाल्या कागदावर यातलं काहीच होत नाही हे लोकांना तेव्हा कळलं. त्यातल्या कुणी “सर, तुमचं बरोबर होतं” असं म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

अण्णांच्या कॅमेरामन पोराला मी एकच गोष्ट घोटून शिकवली, ती इथंही लिहितो, कुणी विचारलेली नाही तरी. गोंधळ, मारामारी, सभा, काहीही शूट केलं की आधी मूळ कार्ड बाजूला काढा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची घाई नको. पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि हॅश, म्हणजे फाईलचा अंकी ठसा, बदलतो. मूळ फाईलचा एसएचए-256 पद्धतीचा हॅश काढा, तारीख-वेळेसह वहीत उतरवा, कार्ड पाकिटात घालून पाकिटावर सही करा. 1 जुलै 2024 पासून जुन्या 65ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत हॅश लिहायचा असतो. चार महिन्यांनी समन्स आल्यावर मोबाइल बदललेला असतो, कार्ड फॉरमॅट झालेलं असतं. वकिलांनाही सांगणं आहे : अशिलाकडून पेनड्राइव्ह घेताना हॅश नसेल तर फी वाढवून सांगा.

झेरॉक्स मशीन परत घेतलं, तेच नाही मिळालं, दुसरं. काळी रेघ येत नाही. तक्त्याचं कापड तेच आहे, खाडाखोड वाढली आहे. फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीनं 36 तासांचे 3 तास झाले, तेव्हा जुना आकडा पुसला नाही, त्यावर काट मारून शेजारी लिहिला. एखादी नोटीस कुठल्या तारखेची आहे त्यावर कुठलं घड्याळ लागू हे ठरतं.

सध्या जोर आहे वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या वर्गाला. कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. दंड 250 कोटींपर्यंत जातो हा आकडा ऐकून लातूरचे क्लासवाले आणि नांदेडचे दवाखाने हादरलेत. आणि आमचे जुने गृहस्थ पुन्हा फिरायलेत, या खेपेला ‘सरकारमान्य डेटा संरक्षण अधिकारी’ बनवून देतात. तो अधिकारी नेमणं बंधनकारक आहे ते केंद्र सरकारनं महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या संस्थांना. दहा खाटांच्या दवाखान्यानं रुग्णांच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या माणसाचा संपर्क लावायचा, संमतीची सूचना साध्या मराठीत लिहायची, आणि रिसेप्शनवरची नाव-नंबरांची उघडी वही आत ठेवायची. वहीपासून सुरुवात करा, ती फुकट आहे.

वर्ग शनिवार-रविवार, समर्थनगरात. लातूर आणि नांदेडला महिन्याआड. राजपत्राची प्रत फीमध्येच, हजेरीपत्र मागितलं तरच. फी आगाऊ घेतो, उधारी कुणालाच नाही. धारूरचं खातं वेगळं आहे, त्यावरून कुणी वाद घालू नये.