मळखाऊ

आमच्या बाथरूमचा रंग एका शब्दामुळे ठरला. मुलीने फोनवर फोटो दाखवला होता. काळ्याभोर भिंती, त्यांवर सोनेरी नळ, आरशाला सोनेरी चौकट आणि कोपऱ्यात एक पेटलेली मेणबत्ती. ती मेणबत्ती कुणी आंघोळीच्या घाईत रोज लावत असेल असं मला वाटत नाही, पण ते असो. बायको म्हणाली, "छान आहे, पण अंधारकोठडी होईल." मी गप्प होतो, कारण घराच्या कामात माझं मत ठराव संमत झाल्यावर विचारतात. तेवढ्यात आईने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला आणि निकाल देऊन टाकला, "काळा बरा. मळखाऊ असतो."

झालं. मळखाऊ या शब्दापुढे कुठलंही सौंदर्यशास्त्र टिकत नाही. दप्तरं, प्रवासाच्या चादरी, पायपुसणी, सोफ्याच्या खोळी, आमच्या घरात सगळं याच एका गुणावर पसंत झालेलं आहे. मळ खायचा आणि ढेकरही द्यायचा नाही, हे आमच्याकडे रंगाचं आदर्श वर्तन मानतात.

टाइल बघायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की काळा एक नसतो. चकचकीत काळा, मॅट काळा, निळ्याकडे झुकलेला काळा, आणि एक असा, की जो शेजारी खरा काळा ठेवला की करडा निघतो. खऱ्या दगडाची ऐट वेगळीच. स्पेनमधल्या बास्क प्रदेशात मार्किना गावाजवळ एक काळा दगड निघतो, त्यात पांढऱ्या शिरा विजेसारख्या धावतात. आणि इटलीत पोर्तोव्हेनेरेच्या आसपास पोर्तोरो नावाचा दगड मिळतो, त्याच्या काळ्या अंगात सोनेरी शिरा निसर्गानेच घालून ठेवल्या आहेत. बाजारात दोघांनाही संगमरवर म्हणतात, मुळात दोन्ही चुनखडक. समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात सेंद्रिय द्रव्य अडकून राहिलं, त्याने हा काळेपणा आला. म्हणजे मळ खरोखर खाल्ला असेल तर तो या दगडांनी.

आमच्या वाट्याला अर्थात नक्कल आली. पोर्सेलिनची टाइल, तिच्यावर सोनेरी शिरा छापलेल्या. छपाई म्हटल्यावर नमुने मोजकेच असणार, हे मिस्त्रींना आमच्याआधी ठाऊक होतं. भिंतीला लावण्याआधी त्यांनी सगळ्या टाइल हॉलमध्ये जमिनीवर मांडल्या, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही पाल चार ठिकाणी आहे." बघतो तर खरंच, एक शीर खालून जाड येत होती, वर निमुळती होत होती आणि टोकाला जरा वळलेली. अगदी पालीचं शेपूट. मिस्त्रींनी दोन टाइल उलट्या फिरवल्या. "आता दोन वर चालल्यात, दोन खाली. कुणाला कळणार नाही." कुणाला कळत नाही, हे खरं. मला मात्र आंघोळ करताना दुसरं काही दिसत नाही.

खरी करमणूक सोनेरीने केली. नळ, शॉवर, टॉवेलचा दांडा, आरशाची चौकट आणि पाणी जाण्याची जाळी, असे पाच खोके घरी आले. पाचांवर एकच रंग लिहिलेला. बायकोने पाचही वस्तू पलंगावर ओळीने मांडल्या. नळ फिकट, नव्या पितळेसारखा. शॉवर तांबूस. चौकट चॉकलेटच्या चांदीसारखी चकाकणारी, फक्त पिवळी. जाळी मळकट. आणि दांडा? 'सोन्याहून पिवळं' हे मी आजवर आनंदाच्या बातमीला म्हणत आलो होतो, त्या दांड्याने ते अक्षरशः करून दाखवलं.

मला अशा वेळी खोलात शिरायची खोड आहे. चांगल्या नळावरचं सोनेरी म्हणजे सोनं नव्हेच. आतला नळ पितळेचा, म्हणजे तांबं आणि जस्त. त्याच्यावर निर्वात पेटीत धातूची वाफ करून टायटॅनियमच्या किंवा झिर्कोनियमच्या नायट्राइडचा, म्हणजे त्या धातूच्या नायट्रोजनशी झालेल्या संयुगाचा, थर बसवतात. थर इतका पातळ की जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची, पण कमालीचा कठीण. थर देताना नायट्रोजनचं प्रमाण जरा इकडेतिकडे झालं की छटा बदलते. पाच कारखाने, पाच पेट्या, पाच सोनेरी. टायटॅनियमचा हाच थर ड्रिलच्या बिटांनाही देतात, झीज कमी व्हावी म्हणून. मिस्त्रींच्या पेटीत एक तसं बिट होतं. मी सहज ते नळाशेजारी धरून पाहिलं आणि बायकोला हाक मारली. संपूर्ण घरात नळाशी जुळणारी तेवढी एकच वस्तू होती.

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "एवढा काय खल चाललाय? सगळं एकसारखंच तर आहे." आम्हाला वाटलं, वाद मिटावा म्हणून म्हणतेय.

काळ्यावर सोनं चढवायची हौस मुलीच्या फोनपेक्षा बरीच जुनी आहे. जपानी कारागीर काळ्या लाखेचा थर ओला असतानाच त्यावर सोन्याची पूड शिंपडून नक्षी काढत आले. १९२२ साली पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला इजिप्तमध्ये तूतनखामेन राजाचं थडगं सापडलं आणि युरोप-अमेरिकेत झळझळीत इजिप्शियन थाटाची साथच आली. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक काळ्या विटांची उंच इमारत उभी राहिली, माथ्यावर सोनेरी मुकुट. वास्तुरचनाकार रेमंड हूड. काळ्या विटा कशासाठी, तर फिकट भिंतीत दिवसा खिडक्या काळ्या भोकांसारख्या दिसतात. भिंतच काळी केली की भोकं नाहीशी. इमारत बांधणारी कंपनी खोल्या तापवायचे रेडिएटर बनवायची, आणि १९२९ मध्ये ती बाथरूमची भांडीकुंडी बनवणाऱ्या एका कंपनीशी एकत्र आली. हे वाचल्यावर आपल्या बाथरूमला काही घराणं आहे असं मला वाटू लागलं. हूडची युक्ती आमच्याकडेही लागू पडली. एक्झॉस्टचं भोक, मोरीच्या पाइपामागची फट, मिस्त्रींनी चुकून पाडलेलं एक छिद्र, सगळं त्या काळ्यात बुडालं.

पण पहिल्या रात्री दिवा लावला आणि बायकोचं म्हणणं खरं झालं. पांढरी भिंत पडलेला बराचसा उजेड परत देते, काळी जवळजवळ सगळा गिळते. मळखाऊचं माहीत नाही, उजेडखाऊ मात्र नक्की. शिवाय दिवा जुनाच होता, साडेसहा हजार केल्विनचा, निळसर पांढरा. त्या उजेडात पाचही सोनेरी कावीळ झाल्यासारखे दिसत होते, आणि आरशात मीही. मग छताला तीन हजार केल्विनचे दोन दिवे आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवला. पिवळसर उजेडात सगळ्या छटा थोड्या जवळ आल्या, नातेवाईक फोटोपुरते येतात तशा. खरी शोभा दिसली ती एकदा वीज गेली तेव्हा. मुलगी टॉर्च घेऊन आत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, ये लवकर!" भिंती नव्हत्याच. अंधारात नुसता नळ, आरशाची कड आणि त्या चार पाली तरंगत होत्या. लाखेवरचं जपानी सोनं दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात पाहत असतील तेव्हा कसं दिसत असेल, याचा थोडा अंदाज आला. मेणबत्तीवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाली.

म्हणजे रोजच होते, पण त्या दिवशी भिंत वाळल्यावर मी चश्मा लावून पाहिलं. नळापासून मोरीपर्यंत पांढरे ओघळ. साबणाचे शिंतोडे. आरशाखाली टूथपेस्टची नक्षत्रं. दाराशी पावडरीच्या पावलांचे ठसे. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मळखाऊची सगळी भिस्त मळ काळा असण्यावर आहे. रस्त्यावरचा मळ काळा असतो, सायकलच्या साखळीचा काळा असतो, म्हणून दप्तर काळं घ्यावं. बाथरूममधला सगळा मळ पांढरा असतो. पाण्यातलं कॅल्शियम पांढरं, साबणाची साय पांढरी, पेस्ट पांढरी, पावडर पांढरी. काळे असतात ते केस. तेवढे काळ्या फरशीने इमानाने लपवले, पण त्यामुळे पांढरे तेवढे उठून दिसू लागले. रोज सकाळी खाली वाकून मोजले की समजतं, काळ्याचे पांढरे किती झाले.

पाणी जड असलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर तिथेच राहतात. पांढऱ्या टाइलवर हेच क्षार वर्षानुवर्षं होते, आम्ही त्यांना स्वच्छता समजत होतो. आता थेंब कुठून निघाला, कुठे रेंगाळला, कुठे सुकला याची काळ्या टाइलवरची रेघ समोर असते. आयुष्यभर पांढऱ्यावर काळं करत आलेल्या माणसाच्या घरात पाणी काळ्यावर पांढरं करतंय. सांध्यांतलं ग्राउटही मागे राहिलं नाही. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर वर येऊन त्याच्यावरही राखेसारखी झाक चढली. मिस्त्री म्हणाले, "एपॉक्सी भरायला पाहिजे होतं." हे वाक्य सगळ्या मिस्त्रींना काम संपल्यावरच आठवतं.

घरात रबरी पट्टीचा छोटा वायपर आला. आंघोळ केलेल्याने भिंत निपटून बाहेर यायचं, असा नियम झाला. क्षार जास्तच धरले तर व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. खरा मार्किनाचा दगड असता तर तेही चाललं नसतं, आम्लाने चुनखडकाची चमकच जाते. नक्कल घेतल्याचं समाधान मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. ते फार टिकलं नाही. एका रात्री मी पाणी जाण्याच्या सोनेरी जाळीवर बाथरूम साफ करायचं कडक द्रावण ओतून झोपलो. सकाळी जाळीचा एक कोपरा सोनेरी नव्हता. आत पांढराफटक धातू. वर नुसता रंगीत लाखेचा हात होता, आणि नळ त्याच द्रावणाच्या शिंतोड्यांना दाद न देता तसाच चमकत होता.

सोनार सोनं पारखायला जो दगड वापरतो तो काळाच असतो. कसोटीचा दगड. त्यावर सोनं घासायचं, उमटलेली रेघ बघायची आणि कस ठरवायचा. 'निकष' हा शब्द मूळचा त्याच दगडाचा, आता तो अर्जांत आणि परिपत्रकांत नांदतो. दगड काळा आणि बारीक पोताचा हवा, कारण त्यावर पिवळी रेघ चोख उमटते. म्हणजे काळ्याला दाखवण्याच्या कामावर नेमलेलं, आणि आम्ही त्याला लपवायला सांगत होतो.

आईला मात्र यातलं काहीच जाणवत नव्हतं. तिची अडचण वेगळी होती. पहिल्याच रात्री ती बाथरूमच्या दारात थबकली आणि पायाने चाचपत म्हणाली, "खाली जमीन आहे ना रे?" काळी फरशी, काळी भिंत, दोन्ही कुठे मिळतात ते तिला दिसेना. मला भलतंच अपराधी वाटलं. दुसऱ्या दिवशी उंबरठ्याला फिकट पट्टी लावली, आत घसरू नये अशी फिकट राखाडी चटई टाकली आणि कमोडशेजारी धरायला एक सोनेरी दांडा बसवला. सहावा सोनेरी, अर्थात वेगळा. पण काळ्यावर तो असा उठून दिसायचा की आईचा हात न चाचपता त्याच्यावर जायचा. "हे एक बरं केलंस," ती म्हणाली. "आणि किती स्वच्छ राहते बघ भिंत. मी म्हटलंच होतं."

स्वच्छ! मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. त्याच आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश अडवतं, त्यामुळे सगळ्याच रंगांवर हळूहळू पिवळी झाक चढते, डॉक्टर म्हणाले. इतकी हळूहळू, की माणसाला ती कळतही नाही. मला पलंगावर मांडलेल्या पाच वस्तू आठवल्या. सगळं एकसारखंच तर आहे.

दोन महिन्यांच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. दुसऱ्याची पट्टी निघाल्यावर ती घरभर हिंडली. पडदे निळे आहेत हे तिला नव्याने कळलं, माझ्या सुरकुत्याही. मग बाथरूममध्ये गेली. बराच वेळ आतून आवाज नाही. मी बाहेर वायपर घेऊन उभा, न जाणो.

"अरे," आतून हाक आली, "हा नळ आणि तो दांडा वेगवेगळे आहेत की!"

"हो आई."

"आणि भिंतीवर हे पांढरं पांढरं काय झालंय? पुसत नाही का कुणी?"

"काळा रंग आहे ना," मी म्हटलं. "मळखाऊ असतो."

दार उघडलं. तिने माझ्या हातातला वायपर घेतला.

"हे कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.