साठ मिनिटांच्या गाण्यामागचा दिवस

सकाळी साडेसहाला मी पोहोचलो तेव्हा बँडची व्हॅन निम्मी भरली होती. मदत म्हणून मी गिटारची पेटी उचलली, तर ड्रमरने ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली, कारण तिची पाळी अजून आली नव्हती. जड अँप्लिफायर तळाला आणि पुढच्या आसनांना टेकून, म्हणजे अचानक ब्रेक लागला तरी ते सरकू नयेत. त्यांच्यावर ड्रमच्या पेट्या. आणि गिटार सर्वांत शेवटी, कारण मुक्कामी पोहोचल्यावर त्या सर्वांत आधी बाहेर काढून सभागृहाच्या हवेत रुळू द्याव्या लागतात. उष्णतेने पोलादी तारा सैल पडतात आणि सूर उतरतो, त्यामुळे प्रवासातून आलेले वाद्य लगेच सुरात लावून उपयोग नसतो.

चार कलावंत, एक साउंड इंजिनिअर आणि मी असे सहा जण निघालो. बँडच्या गाडीत दिवसभर गाणी वाजत असतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तीनशे किलोमीटरमध्ये एकही सूर वाजला नाही. कारण इंजिनिअरने सांगितले. अमेरिकेतील नायोश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था ८५ डेसिबलच्या आवाजासाठी दिवसाला ८ तासांची मर्यादा सांगते आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. रंगमंचावर ड्रमच्या शेजारी उभे राहणाऱ्यांना हा हिशेब विसरून चालत नाही, म्हणून रात्री ते कानात प्लग घालतात आणि दिवसा कानांना विसावा देतात. गायिका तर बोलतही नव्हती. काही हवे असेल तर ती वहीत लिहून दाखवायची, आणि तासाभरातच आम्ही बाकीचेही नकळत हळू आवाजात बोलू लागलो.

दुपारी सभागृहात साउंड चेक सुरू झाला, आणि या दिवसातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग तोच होता. आधी ड्रम, एकेक करून, मग बेस, गिटार आणि शेवटी गळा. मध्येच गिटारच्या अँप्लिफायरमधून एक सलग गुणगुण येऊ लागली. विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेची ती खूण होती. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग घेत होती. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की गुणगुण थांबते, हे खरे आहे, परंतु त्यात वादकाला विजेचा धक्का बसून जीव जाण्याचा धोका असतो. इंजिनिअरने सर्व उपकरणे एकाच ठिकाणाहून वीज घेतील अशी जोडणी केली. वीस मिनिटे गेली, पण त्या माणसाने घाई केली नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

नंतर तो रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवू लागला. टाळीचा पडसाद लांबत होता. रात्री ही जागा माणसांनी भरली की त्यांची शरीरे आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतील, म्हणून आता थोडा टोचणारा आवाज तसाच राहू द्यायचा, असे त्याने ठरवले. आपण ऐकतो आहोत ते सभागृह रात्रीचे नव्हेच, हे ओळखून त्याने आपल्या कानांवर घातलेला हा लगाम मला फार सुंदर वाटला. कार्यक्रमात पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत ते टोचणे नाहीसे झाले होते.

गाणी साठ मिनिटांत संपली. सामान गोळा करताना इंजिनिअरने मला केबल गुंडाळायला शिकवले: एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे आतल्या तारेला पीळ बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी फेकताच ती सरळ उलगडते. सोळा केबल मी तशाच गुंडाळल्या. सर्वांत शेवटी ड्रमरने गिटारची पेटी माझ्या हातात दिली, आणि कुठे ठेवायची ते त्याला सांगावे लागले नाही.